लाल चिमटा आणि मीठवाल्याची तिसरी बायको

मी एक जुना लाकडी चिमटा आहे. स्वयंपाकघरातला नव्हे, मित्रांनो, दोरीवरचा. दोन चपट्या काड्या आणि मध्ये तारेची एक स्प्रिंग, एवढाच काय तो माझा देह. माझ्या भावंडांनी जन्मभर ओले परकर आणि दुपटी धरली. मी मात्र पुस्तकं धरली. त्याचा मला थोडा गर्व आहे. तो लपवून काही उपयोग नाही, पुढे कळणारच आहे.

मी नेमका कुठे घडलो ते मला आठवत नाही. करवतीचा आवाज आणि भुशाचा वास एवढंच आठवतं. पुढे पुठ्ठ्यावर बारा जण ओळीने बसून आम्ही बिकोल नावाच्या प्रांतातल्या एका बाजारात आलो, आणि तिथून मानाय पुरिंगच्या दुकानात. मानाय म्हणजे थोरली बहीण, जसा मानोय म्हणजे थोरला भाऊ. पण गल्लीतली म्हातारी माणसं सोडली, तर जो तो तिला मानायच म्हणायचा. नदीकाठच्या आमच्या गल्लीत तिचं दुकान म्हणजे घराचीच एक जाळीची खिडकी होती. आत साबण, मीठ, व्हिनेगर, सुकी मासळी. खिडकीवर एक लांब दोरी आणि दोरीवर चिमट्यांनी टांगलेल्या चित्रकथा आणि कादंबऱ्या. खाली एक बाक. किरकोळ भाडं द्यायचं, बाकावर बसून वाचायचं आणि पुन्हा दोरीवर लावून जायचं.

सुरुवातीला मी इतरांसारखाच एक होतो. मला रंग आला तो बेलेनमुळे. बेलेन शिवणकाम करायची आणि एका पुस्तकाला दोन रुमाल भिजवायची. एक दिवस पुस्तक परत लावताना तिने पिशवीतून लाल नेलपॉलिश काढली आणि मला डोक्यापासून पायापर्यंत रंगवलं.

"मानाय, हा लाल चिमटा ज्याला असेल तेच पुस्तक वाचायचं. बाकीची हवा खाऊ देत," ती म्हणाली.

सायकलरिक्षावाला डेल्फिन बाकाच्या टोकाला पाय पसरून बसला होता. तो म्हणाला, "अगं, पण हे तुझं पुस्तक नुसतं रडकं आहे! नायिका तिसऱ्या पानावर रडायला लागते ती थांबतच नाही. मी लावतो चिमटा, बघ. चाच्यांच्या गोष्टीला."

"मानोय डेल्फिन, चाच्यांच्या गोष्टीत एक तरी बाई आहे का?"

"एक पोपट आहे. मादी आहे."

त्या भांडणातून गल्लीचा नियम तयार झाला. लाल चिमटा कुणीही कुठल्याही पुस्तकाला लावावा, पण लावणाऱ्याने त्याच दिवशी चारच्या कॉफीला बाकावर बसून सगळ्यांसमोर कारण सांगायचं. शेवट मात्र सांगायचा नाही. जो शेवट सांगेल त्याने सगळ्यांचे कप धुवायचे. कप जास्त वेळा डेल्फिननेच धुतले.

मित्रांनो, ती माझी खरी नोकरीची वर्षं. मी या आठवड्यात चाच्यांना, पुढच्या आठवड्यात एखाद्या अनाथ वारसदाराला धरून असायचो. चार वाजले की बाक भरायचा. कॉफीत पाव बुडवून माणसं नुकतंच वाचलेलं एकमेकांना सांगायची, एकमेकांची टर उडवायची, आणि जाता जाता हळूच तेच पुस्तक काढून घ्यायची ज्याला आत्ताच नावं ठेवली होती. पुढे पुढे लोक माणसांनासुद्धा माझं नाव लावायला लागले. बेलेनला स्थळ आलं तेव्हा मानाय पुरिंगने विचारलं होतं, "मुलगा लाल चिमट्याचा आहे ना?"

फक्त एक व्यक्ती बाकावर कधी बसली नाही. समोरच्या घराच्या माडीवर लोला सेपा राहायची. लोला म्हणजे आजी. ती हातात जपमाळ घेऊन खिडकीत बसायची आणि बरोबर चारला तिचा आवाज खाली यायचा.

"गोष्टी वाचणाऱ्या बायकांच्या घरी भात करपतो! आणि पुरुषांनी वाचल्या तर रिक्षा गटारात जाते. डेल्फिन, तुझी गेल्या मंगळवारी गेली होती ना?"

"बुधवारी गेली होती, लोला!"

हे असं तीस वर्षं चाललं. पण मी दोरीवरून रोज बघत होतो. कुणी गोष्ट रंगवून सांगायला लागलं की तिच्या बोटांतले मणी जागच्या जागी थांबायचे.

मग दिवस पालटले. चित्रकथा निघायच्या बंद झाल्या. लोकांच्या हातात फोन आले, बाकावर माना खाली घालून माणसं बसायची, पण दोरीकडे बघायची नाहीत. काहींनी 'उद्या आणून देतो' म्हणून पुस्तकं घरी नेली आणि तो उद्या उजाडलाच नाही. मानाय पुरिंग त्या सगळ्यांच्या नावाने बोटं मोडायची. शेवटी तिने मला तिच्या स्वतःच्या सगळ्यात लाडक्या पुस्तकाला लावलं. 'मीठवाल्याची तिसरी बायको' हे त्या पुस्तकाचं नाव. जाडजूड, कव्हर गेलेलं, कडांना कॉफीचे डाग. तिच्या नवऱ्याने लग्नाच्या वर्षी आणलेलं. नवरा गेला, तेव्हापासून ती ते वर्षातून एकदा वाचायची. गल्लीतल्या बहुतेकांनी ते बाकावर बसून वाचलं होतं.

"हे घरी न्यायचं नाही. कुणीही नाही. इथेच बसून वाचायचं," तिने बजावलं, आणि माझी स्प्रिंग जास्तच आवळून घेतली.

मित्रांनो, मी अकरा वर्षं त्याच एका पुस्तकाला चावून बसलो. माझ्या तारेला गंज चढला. पुस्तकाच्या कोपऱ्यावर माझे दात उमटले. सुरुवातीला मला वाटायचं, केवढा हा मान! मग वाटायला लागलं की हा मान नाही, शिक्षा आहे. वर्षात एखादाच ते उघडायचा. बाकीचा वेळ मी आणि मीठवाला आणि त्याच्या तिन्ही बायका नुसते वाऱ्यावर झुलायचो.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी मानाय पुरिंग मागच्या चुलीवर अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवत होती. समोर कुणी नव्हतं. एक सुरकुतलेला हात दोरीपर्यंत आला. मनगटाला जपमाळ गुंडाळलेली, बोटांना गुडघेदुखीच्या तेलाचा वास. त्या हाताने मला दाबलं. माझा गंज करकरला. पुस्तक गेलं, आणि मी रिकामं तोंड मिटून दोरीवर राहिलो.

होय, लोला सेपाच. मला जीभ असती तर मी ओरडलो असतो. की नसतो ओरडलो? अकरा वर्षांनी जबडा मोकळा झाला होता. खरं सांगतो, बरं वाटलं.

मानाय पुरिंगचं मात्र जे झालं ते बघवत नव्हतं. ती आधी चिडली, मग जाळीला धरून रडली. "माझ्या माणसाची एवढीच एक वस्तू होती," ती म्हणत होती. बेलेन आणि डेल्फिन धावत आले. काठी टेकत लोला सेपाही आली, आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात तीच बोलली.

"पुस्तकं चोरतात! देवाची भीती राहिली नाही कुणाला! चोराचे गुडघे धरोत!"

"तुमच्या तोंडात साखर पडो, लोला," मानाय पुरिंग डोळे पुसत म्हणाली.

लोला सेपाचे गुडघे आधीच धरलेले होते, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्याच दुपारी मानाय पुरिंगने दोरी कापली. उरलेली सगळी पुस्तकं तिने पत्र्याच्या ट्रंकेत भरली, कुलूप लावलं आणि ट्रंक पलंगाखाली ढकलली. "बंद. वाचन बंद, बाक बंद, कॉफी बंद. माणसांवर विश्वास टाकायचे दिवस गेले." मला तिने फेकलं नाही. भिंतीवर उंच टांगलेल्या कॅलेंडरला लावलं, वाऱ्याने पानं उडू नयेत म्हणून.

सहाव्या दिवशी वादळाचा इशारा आला. आमच्याकडे वादळं नवीन नाहीत. माणसं आधी कोंबड्या आणि तांदूळ उचलतात आणि शाळेच्या इमारतीत जाऊन बसतात. मानाय पुरिंगही गेली. ट्रंक जड होती, ती जिथे होती तिथेच राहिली. सकाळी दहाला वारा सुटला आणि दुपारी नदी दुकानात आली. मी कॅलेंडरला घट्ट धरून बघत होतो. पाणी पलंगाच्या वर आलं, मग मिठाच्या बरण्यांच्या, मग कॅलेंडरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत. तेवढ्यात बाहेर मोठा कडकडाट झाला. जाळीतून मला दिसलं, समोरच्या माडीचं छप्पर पत्र्यांसकट उडून केळीच्या बागेत जाऊन पडलं.

मित्रांनो, त्या क्षणी मला रडू आलं. खालची पुस्तकं नदीने नेली आणि वरचं एकमेव पावसाने. मी अकरा वर्षं ज्याला जपलं त्याचा लगदा झाला असणार, याची मला खात्रीच पटली. माझ्या जबड्याची काही किंमत नाही, एवढंच त्या दिवशी मला कळलं.

दोन दिवसांनी पाणी ओसरलं. मानाय पुरिंगने फावड्याने चिखल लोटला आणि ट्रंक उघडली. आत भिजलेल्या भाकरीसारखा एक राखाडी गोळा होता. तिने झाकण पुन्हा लावलं आणि ती बाकावर जाऊन बसली.

लोला सेपा आली तेव्हा तिच्या एका हातात काठी होती आणि दुसऱ्या हातात गाठ मारलेली तांदळाची पिशवी. ती बाकासमोर उभी राहिली. बेलेन आणि डेल्फिनही चिखल काढायचं थांबवून बघायला लागले.

"पुरिंग, तुला मला जे बोलायचंय ते बोलून घे," ती म्हणाली. "पण आधी हे घे."

पिशवीतून इनाची मूर्ती निघाली. इना म्हणजे आमची मेरीमाता. वादळ आलं की प्रत्येक घर आधी तिला गुंडाळतं. तिच्याभोवती एक प्लॅस्टिक, त्यावर दुसरं, आणि त्या दोन्हींच्या मध्ये तिच्या पोटाशी बांधलेलं 'मीठवाल्याची तिसरी बायको'. कोरडं. एक पानही ओलं नव्हतं.

"शाळेपर्यंत चालवलं नाही मला. छप्पर उडालं तेव्हा मी हिला घेऊन कपडे धुवायच्या टबाखाली बसले होते," लोला सेपा म्हणाली. "पुस्तक वेगळं गुंडाळायला प्लॅस्टिक उरलं नव्हतं."

"लोला… तुम्ही नेलं होतं?"

"मीच नेलं. गुडघ्यांमुळे या बाकावर बसता येत नाही मला. एकदा बसले की उठायला दोन माणसं लागतात. आणि तू तर घरी देत नाहीस. तीस वर्षं तुम्हाला नावं ठेवली, मग मागायचं कुठल्या तोंडाने? खिडकीतून निम्मी गोष्ट ऐकू यायची, निम्मी रिक्षांच्या घंटीत जायची. मरायच्या आधी मला कळायला हवं होतं की तिसरी बायको होडीत बसते की नाही."

मानाय पुरिंगने पुस्तक छातीशी धरलं. मला वाटलं ती आता ओरडणार. पण ती हसायला लागली. हसता हसता रडली आणि पुन्हा हसली, आणि चिखलाच्या हातांनी तिने लोला सेपाला मिठी मारली.

"मी दिलं नसतं तुम्हाला," ती म्हणत होती. "मागितलं असतंत ना, तरी दिलं नसतं. आणि मग ते ट्रंकेत गेलं असतं, लोला. ट्रंकेत गेलं असतं."

डेल्फिन मान खाजवत घरी गेला आणि दोन चित्रकथा घेऊन आला. "मानाय, द्यायच्या राहूनच गेल्या होत्या. चौदा वर्षं झाली असतील." बेलेनने शिवणयंत्राच्या वरच्या फळीवरून तिची रडकी कादंबरी आणली. संध्याकाळपर्यंत गल्लीच्या माळ्यांवरून, कपाटांच्या माथ्यावरून, देवांच्या मागून पुस्तकं उतरत राहिली. ज्यांच्या नावाने मानाय पुरिंगने बोटं मोडली होती, तेच सगळे ओळीने उभे होते. तिच्या ट्रंकेतलं एकही उरलं नव्हतं. जे परत आलं नव्हतं तेवढंच शाबूत राहिलं होतं.

बेलेनने कॉफी केली. लोला सेपासाठी उंच खुर्ची आणली गेली. पहिला घोट घेऊनच ती म्हणाली, "शेवट मात्र मला मुळीच पटला नाही. ती होडीतून परत कशाला उतरते? मी असते तर मागे वळूनही…"

"लोला, शेवट सांगितलात!" सगळे एकदम ओरडले.

"मग? कप धुते ना! आणा इकडे!"

तिने खरंच बसल्या बसल्या सगळे कप धुतले.

मानाय पुरिंगने मला कॅलेंडरवरून काढलं, तारेला खोबरेल लावलं आणि त्या दिवशी नवा नियम केला. ज्या पुस्तकाला लाल चिमटा लागेल ते बाकावर ठेवायचंच नाही. ते घरी न्यायचं, चिमट्यासकट. आता मी घरोघरी हिंडतो. जिथे वाचणाऱ्याला झोप लागते तिथे पानावर बसतो. माझी स्प्रिंग सैल झाली आहे, मी पूर्वीसारखा चावत नाही, आणि पुस्तक माझ्या तोंडातून अलगद सुटतं.

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादं लाडकं पुस्तक असेलच. ओल्या हातांनी त्याला शिवू नका, पानांचे कान मुडपू नका, हे मी एक चिमटा म्हणून सांगतोच. पण त्याला कुलूपही लावू नका. समोरच्या खिडकीत कुणीतरी कान देऊन बसलेलं असतं आणि मागायला लाजत असतं. त्याने चोरी करायच्या आधीच ते त्याच्या हातात ठेवा.

हा आठवडा मी लोला सेपाच्या नव्या छपराखाली आहे. पान नव्वद. चाच्यांची गोष्ट. ती म्हणते, पोपट खरंच छान आहे.