अण्णांच्या कानातला नमुना

अण्णा सकाळपासून लग्नघरी निघाल्यासारखे नटून बसले होते. दाढी गुळगुळीत, शर्ट कडक इस्त्रीचा, आणि कार्यशाळेत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला एकच बातमी, "आज लष्कराचे साहेब येणार आहेत, माझी परीक्षा घ्यायला!" कार्यशाळा चालवणारी त्यांची मुलगी मात्र त्यांची नजर चुकवत होती. घरात आणि कार्यशाळेत सगळे तिला ताई म्हणत, अण्णासुद्धा. या ताईने महिनाभर बापाला एक गोष्ट सांगायची टाळली होती, आणि आता सांगायला सवड उरली नव्हती.

अण्णांचं आयुष्य यंत्रमागांच्या खडखडाटात गेलं आणि कानही तिथेच गेले. बाजारातल्या श्रवणयंत्रांना ते शिव्या घालत, कारण त्यातून माणूस बोलला काय नि भांडं पडलं काय, सगळं एकाच मापाने डोक्यात शिरे. म्हणून ताईने स्वतःच यंत्र बनवायला घेतलं. छातीवर एक पट्टी, पट्टीत सहा बारके माइक, कानात शेंगदाण्याएवढी गोळी. कितीही गोंगाट असो, त्यातून हवा तो एकच आवाज ते वेचून काढी. पहिला नमुना अण्णांच्या कानाशी जुळवून घ्यायला वर्ष गेलं, पण मग म्हाताऱ्याला पंखच फुटले. जावई स्वयंपाकघरात पुटपुटला, "यांना काय, बसून तर खायचंय!" तर बाहेरच्या खोलीतून उत्तर आलं, "उभ्यानेही खातो, जावईबापू. तुम्ही वाढा तर खरं!"

पण कौतुकावर पगार भागत नाहीत. आरोग्य खात्याने ताईचा अर्ज दोनदा परत पाठवला. माल चांगला, पण गिऱ्हाईक थोडं, असं त्यांचं म्हणणं. मग संरक्षण खात्याने नव्या शोधांसाठी निधी जाहीर केला. ताईने जुन्या अर्जात जिथे जिथे 'बहिरा' होता तिथे तिथे 'सैनिक' लिहिलं आणि काय आश्चर्य, समिती स्वतः बघायला यायला निघाली.

अट तेवढी जीवघेणी होती. निवड झाली की यंत्र गोपनीय, त्याच दिवशी सगळे नमुने जमा, आणि परवानगीशिवाय दुसरा बनवला तर थेट गुन्हा. ताईने फोन करून विचारलंही होतं, "एक नमुना आमच्या वडिलांच्या कानात आहे. तेवढा राहू द्याल का?"

"मॅडम, सगळे म्हणजे सगळे," पलीकडचा कारकून म्हणाला होता.

वर परीक्षेला बसवायचं तेही बापालाच, कारण यंत्राचा सराव असलेला माणूस तोच एक. निवड झाली नाही तर कार्यशाळेला कुलूप, हाताखालची चार माणसं घरी, आणि तिची सगळी उमेदीची वर्षं पाण्यात. तिला स्वतःची लाज वाटत होती, तरी अर्ज काही तिने मागे घेतला नाही.

ओठ वाचता येऊ नयेत म्हणून अण्णांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. लेथ आणि कॉम्प्रेसर एकदम सुरू केले. समितीच्या अध्यक्ष बाई आणि लष्करातले एक अधिकारी हॉलच्या दुसऱ्या टोकाला जाऊन कुजबुजले. यंत्रं थांबवल्यावर अण्णांनी ते बोलणं म्हणून दाखवायचं. दोन वाक्यं बिनचूक आली. अधिकाऱ्यांच्या भुवया वर गेल्या.

"ही वाक्यं कागदावर होती, कुणी पढवलीही असतील," अध्यक्ष बाई म्हणाल्या. "आता आम्ही मनाला येईल ते बोलतो. हे आलं तर निवड झाली समजा."

पुन्हा खडखडाट सुरू झाला. ताईला दोघांचे फक्त ओठ हलताना दिसले. यंत्रं थांबली, पण अण्णा काही बोलेनात.

"ऐकू आलं नाही का, आजोबा?" अधिकाऱ्यांनी मोठ्याने विचारलं.

अण्णांचा हात छातीवरच्या पट्टीवर गेला आणि तिथेच राहिला. नाही म्हणा, अण्णा, असं ताईच्या मनात आलं, आणि लगेच, म्हणून दाखवा ना, असंही आलं. दोन्ही तिला अगदी मनापासून हवं होतं.

"आलं की," अण्णा भिंतीकडे बघतच म्हणाले. "बाई म्हणाल्या, 'निवड झाली तर म्हाताऱ्याच्या कानातलंही आजच काढून घ्यावं लागेल.' त्यावर साहेब म्हणाले, 'त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. बघा ना, किती खुशीत बसलाय.'"

अध्यक्ष बाईंनी मान खाली घातली. "शब्द न् शब्द बरोबर आहे," त्या हळूच म्हणाल्या.

अण्णा खुर्चीसकट वळले. चेहऱ्यावरची सकाळची खुशी पार उतरली होती, पण राग कुठेच नव्हता, आणि तेच ताईला सोसवेना.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"महिना झाला, अण्णा."

"अगं, सांगितलं असतंस तरी मी आज हेच केलं असतं," अण्णा म्हणाले. "पण महिना हातात होता की गं. सगळ्यांचे आवाज एकदा नीट ऐकून घेतले असते."

त्यांनी पट्टी सोडली, कानातली गोळी काढली आणि दोन्ही वस्तू त्या अधिकाऱ्यांच्या हातावर ठेवल्या. ताई त्यांचा दंड धरून माफी मागत राहिली. अण्णांखेरीज सगळ्या हॉलला ती ऐकू येत होती.