खाली है क्या?

लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला लोक काय काय विचारतात, ते ऐकून माणसाने कपाळ बडवून घ्यावं. "भाभीजी, आप अंदर हैं क्या?" नाही, बाहेर हवा खातेय! "घबरा तो नहीं रहीं?" अहो, घाबरले असेन तर तुम्ही काय करणार आहात, वरून आरती ओवाळणार?

पण मी घाबरले होते. सरळ सांगते, तोंडचं पाणी पळालं होतं माझ्या.

ही त्र्याण्णव सालची गोष्ट. झाशीत सिपरी बाजारातल्या मनोहर चेंबर्समध्ये चौथ्या मजल्यावर माझा टायपिंगचा क्लास होता. होता काय, आहे. जागा माझ्या नावावर, मशिनं माझी, आणि रेल्वेत क्लार्क व्हायला निघालेली झाशीची निम्मी पोरं माझ्याच हाताखालून गेलेली. मला लहानपणापासून डाव्या पायाला पोलिओ. पायात कॅलिपर, काखेत कुबडी. चार मजले चढणं माझ्याच्याने शक्य नाही, त्यामुळे त्या बिल्डिंगची जुनाट, कुरकुरणारी, जाळीच्या दाराची लिफ्ट म्हणजे माझा दुसरा पाय होता. आणि त्या दिवशी तो पाय ठेवायचा की कापायचा, याची मीटिंग होती.

झालं होतं असं. लिफ्ट म्हातारी झाली होती, ती बदलून नवी बसवायची हे सगळ्यांना मान्य होतं, मलाही. पण कानपूरहून आलेले इंजिनियर दिवाकरजी म्हणाले, नव्या लिफ्टला शेवटच्या मजल्याच्या वर जास्त उंची सोडावी लागते. ती चौथ्यापर्यंत न्यायची तर गच्चीवरची मशीनरूम पाडून आणखी उंच बांधायला हवी. मोठं काम. त्यापेक्षा लिफ्ट तिसऱ्यापर्यंतच ठेवायची आणि मशीन चौथ्या मजल्यावर बसवायचं, की झालं सोपं. चौथ्यावर आहे तरी कोण? तिसऱ्यावर दुकान असलेले कमिटीचे प्रमुख रघुनाथ सेठ यांचं कापडाचं गोदाम, तिथे हमाल जिन्याने जातात. आणि मी.

प्रत्येक मजल्याची संमती हवी, असा कमिटीचा नियम होता. मागच्या मीटिंगमध्ये मी साफ नाही म्हणून उठले होते. आज शेवटचा निर्णय होता.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. जनार्दनराव मूळचे भुसावळचे. रेल्वेत गार्ड. बदली होऊन झाशीला आले, माझ्याशी लग्न झालं आणि इथलेच झाले. माझं माहेर खंडेराव गेटजवळचं. आमच्या घराण्याला इथे येऊन इतक्या पिढ्या झाल्या की आमच्या मराठीत आता अर्धी बुंदेली शिरलीय. ह्यांचं उलट. जन्म गेला हिंदी मुलखात, पण डोकं अजून भुसावळला. शेजारच्या मुलाने काच फोडली तेव्हा हे अंगणात उभं राहून ओरडले, "तुमको बहुत बड़ी शिक्षा मिलेगी!" संध्याकाळी त्याची आई बेसनाचे लाडू घेऊन हजर. भाईसाहबांनी मुलाला शिकण्याचा आशीर्वाद दिला म्हणून! मी हसून हसून बेजार, आणि हे मात्र, "हिंदीत शिक्षेला दुसरा शब्द असतो हे मला कुणी सांगितलं का?"

तर त्या दिवशी हे माझ्या आधीच निघाले. म्हणाले, "तू आरामात ये, मी सेठजींशी जरा बोलून ठेवतो." मला बरं वाटलं. म्हटलं, रिटायर झाल्यापासून माणूस घरात नुसता खिडकीशी बसून असतो, आज माझ्या बाजूने बोलायला तरी उठला.

मी खालून लिफ्टमध्ये चढले, जाळी ओढली, तीनचं बटण दाबलं. त्याच वेळी दिवाकरजी गच्चीवर मशीनरूममध्ये मापं घ्यायला गेले होते. त्यांना वीज बंद करायची होती. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत मीटिंगच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि हे जाळीपाशी उभे होते. दिवाकरजींनी वरून हाक दिली, "लिफ्ट खाली है क्या?"

आमच्या ह्यांनी जाळीतून वाकून बघितलं. लिफ्ट खाली होती. दुसऱ्या मजल्यापाशी होती, वर येत होती. मग यांनी अगदी प्रामाणिकपणे सांगितलं, "हां जी, खाली है! अभी तो खाली ही है!"

झालं! त्या बिचाऱ्याने विचारलं होतं, लिफ्ट रिकामी आहे का. यांनी सांगितलं, लिफ्ट तळाकडे आहे. फटकन वीज गेली आणि मी दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधोमध लटकले.

आधी वाटलं, नेहमीसारखी वीज गेली असेल. मग वरून यांचा आवाज आला, "अहो थांबा, थांबा! ती आत आहे!" दिवाकरजींनी घाईघाईने स्विच पुन्हा चढवला. वर काहीतरी चटचटलं, जळका वास सुटला आणि लिफ्ट मेली ती मेलीच.

आत अंधार. उकाडा असा की घामाने कुबडी हातातून निसटायला लागली. पूर्वीच्या लिफ्टमनचं एक स्टूल कोपऱ्यात होतं, त्यावर बसले तर समोर नुसती भिंत. उभी राहिले तर तिसऱ्या मजल्याची फरशी माझ्या नाकाच्या उंचीवर यायची. जाळीतून मला काय दिसत होतं, तर बूट आणि चपला. सेठजींच्या मोजड्या, कुणाच्या सँडल, आणि आमच्या ह्यांचे काळे, गार्डाच्या नोकरीतल्या सवयीने लखलखीत पॉलिश केलेले बूट.

"वसू," हे वरून म्हणाले, "मी म्हटलं खाली आहे, तर त्यांना वाटलं..."

"कळलं मला!" मी ओरडले. "सगळ्या झाशीला कळलं! आता मला काढा इथून!"

तर म्हणे, गच्चीवर एक चाक असतं, ते हाताने फिरवून लिफ्ट सरकवता येते. पण त्याआधी ब्रेक सोडावा लागतो, आणि तो सोडायचा दांडा गंजून मोडलेला. दुसरा आणायला माणूस बाजारात पळाला होता. तोवर वाट बघायची.

मी पुन्हा स्टुलावर बसले. पाच माणसं माझ्या डोक्यावर उभी आहेत आणि मी विहिरीत पडल्यासारखी, ही जी चीड असते ना, ती भीतीपेक्षा वाईट. दार उघडून चार पावलं चालून जाता येत नाही, कुणाच्या तोंडाकडे बघून बोलता येत नाही. मला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं.

तेवढ्यात रघुनाथ सेठ म्हणाले, "भाभीजी, देर तो लगेगी। आप कहें तो मीटिंग चला लें? आप वहीं से बोल दीजिएगा।"

काय म्हणावं या माणसाला! पण नाही म्हटलं असतं तरी चालवलीच असती. मी कुबडी टेकून उठले आणि नाक फरशीला लावून उभी राहिले.

पहिल्या मजल्याची संमती सांगितली. दुसऱ्याची सांगितली. तिसऱ्याची सेठजींनी स्वतः दिली. मी घसा खाकरला. आणि सेठजी म्हणाले, "चौथे की सहमति भी आ गई है। तो बात पक्की।"

"किसकी सहमति?" मी म्हटलं.

सेठजींच्या मोजड्या जागच्या जागी चुळबुळल्या.

"गोदाम की तो आपकी होगी। मेरी किसने दी?"

आणि मी बघितलं, ते काळे, पॉलिश केलेले बूट हळूच एक पाऊल मागे सरकले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली असं म्हणते मी नेहमी, पण त्या क्षणी तसं काही झालंच नाही. मी नुसती त्या बुटांकडे बघत राहिले. सेठजी चाचरत म्हणाले, "भाभीजी, अभी भाईसाहब ने ही तो कहा। कि आप मान गई हैं। कि अब आप आराम करना चाहती हैं।"

आराम! मी!

"अहो," मी म्हटलं. "खाली बसा जरा. मला तुमचं तोंड बघायचंय."

हे उकिडवे बसले. गुडघे कटकन वाजले. जाळीपलीकडे ह्यांचा चेहरा आला, डोळे भरलेले. आजूबाजूला सगळे उभे, पण मराठी कुणाला येत होती तिथे? आम्ही दोघंच होतो म्हणायचं.

"का?" मी विचारलं.

"घरात करमत नाही गं मला," हे म्हणाले. "तू सकाळी जातेस ती दिवे लागल्यावर येतेस. मी दुपारी ताट वाढून घेतो आणि बघत बसतो. जन्मभर गार्डांच्या रनिंग रूममध्ये एकट्याने जेवलो, वसू. बीनाला, इटारसीला, जिथे गाडीने सोडलं तिथे. म्हटलं, रिटायर झाल्यावर तरी दोन ताटं लागतील."

मी जाळी घट्ट धरली. "मग हे मला सांगायचं होतंत. तोंड नव्हतं का? माझा पाय कापायला निघालात तुम्ही!"

"तू ऐकलं नसतंस."

"नसतंच ऐकलं!"

"म्हणूनच," हे म्हणाले आणि मान खाली घातली.

मला ह्यांचा इतका राग आला होता की जाळीतून हात घालून कॉलर धरावीशी वाटली. आणि त्याच वेळी ते ताट, तो ओटा, खिडकीशी ठेवलेली ती एकच खुर्ची माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. दोन्ही एकाच वेळी. पळून जावं तर लिफ्ट अडकलेली.

इतक्यात दांडा घेऊन माणूस आला. दिवाकरजी वरून म्हणाले, "मैडम, पकड़ के खड़ी रहिए, चक्का घुमा रहे हैं।"

"मत घुमाइए!" मी म्हटलं. "मैं बाहर नहीं आऊँगी। पहले बात पूरी होगी।"

आता मात्र वर गडबड उडाली. जिन्यावर गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली होती. सेठजींच्या मोजड्या इकडून तिकडे फिरू लागल्या. "भाभीजी, ऐसा मत कीजिए, लोग क्या कहेंगे!"

मी ह्यांच्याकडे बघितलं. "आत्ता मला जे सांगितलंत ना, ते तुमचं माझ्यापाशी राहू द्या. पण संमती कुणाची होती, ते उठून यांना सांगा. हिंदीत. आणि नीट हिंदीत."

हे उठले. मला पुन्हा फक्त बूट दिसायला लागले. ते बूट सेठजींच्या मोजड्यांकडे वळले.

"सेठजी," हे म्हणाले. "वो मंज़ूरी मेरी थी। इनकी नहीं है। मैंने... मैंने झूठ बोला। चौथा तल्ला इनका है। इनसे पूछिए।"

वाक्यात एकही चूक नव्हती.

"मेरी ना है," मी खालून म्हटलं. "लिफ्ट चौथे तक जाएगी।"

सेठजींनी मोठा सुस्कारा सोडला. "अरे तोड़ दो भैया, मशीनरूम तोड़ दो, जो बनाना है बनाओ। पर पहले इन्हें निकालो!"

तिसऱ्यावर जाळी उघडली तेव्हा चार हात पुढे आले. मी एकही धरला नाही. म्हटलं, मला चौथ्यावर जायचंय, मुलं यायची वेळ झाली. दिवाकरजी गच्चीवरून वैतागून म्हणाले की अर्धा मजला चढवतानाच हात भरून आले, आता हे चाक एकट्याने फिरणार नाही. कुणी न सांगता आमचे हे जिना चढून वर गेले. मी आत बसून होते आणि लिफ्ट वीत वीत वर सरकत होती, आणि मला कळत होतं की चाकाला ह्यांचे हात लागलेत.

नवी लिफ्ट दिवाळीच्या आधी सुरू झाली. चौथ्यापर्यंत. आवाजसुद्धा करत नाही. क्लास भरतो, मशिनं खडखडतात, मी जिंकले म्हणायला हरकत नाही. घरी आम्ही बोलतो, भाजी काय आणू, बिल भरलं का. त्या दिवसाबद्दल मात्र हेही बोलत नाहीत आणि मीही नाही. ह्यांनी मला न विचारता माझा मजला देऊन टाकला होता, ते अजून माझ्या मनातून जात नाही. जाणारही नाही.

पण दुपारी मुलं पांगली, मी डबा उघडला, की घास तोंडाशी आलेला तसाच राहतो. या वेळी ह्यांनी ताट वाढून घेतलं असेल. फोन समोरच असतो. उद्यापासून इकडेच या जेवायला, एवढंच म्हणायचं असतं. रोज रिसीव्हरवर हात ठेवते आणि रोज उचलत नाही.