सव्वा वार निळं कापड

बोलतोय मी, टपालाचं एक पाकीट. आतून मऊ फुगीर अस्तर, बाहेरून पांढरा कागद, तोंडाला डिंकाची पट्टी. आमच्या जातीची खासियत अशी की आमचा दर एकच. आत हातरुमाल घाला नाहीतर अख्खं अंथरूण कोंबा, किती भरलं ते कोणी विचारत नाही. तोंड नीट मिटलं म्हणजे झालं. त्यातून आम्ही पोस्टाच्या काउंटरवर फुकट मिळतो. फुकट मिळालेल्या वस्तूला माणसं कशी वागवतात, ते मी सांगायला नको.

कान्ससमधल्या एका लहानशा गावच्या पोस्टात मी गठ्ठ्यात पडून होतो. जूनमधल्या एका मंगळवारी वर्ला स्टाउफर आत शिरली आणि तिने आमच्यातली दहा पाकिटं काखोटीला मारली.

"वर्ला, परवाच तर दहा नेलीस!" काउंटरवरची बाई म्हणाली. "खातेस की काय?"

"परवाची रवाना झाली. माझ्यासारख्या चार असत्या ना, तर तुला इथे माशा मारत बसावं लागलं नसतं."

वर्ला गोधडीवाली. तिच्या घरातली एक अख्खी खोली कापडाने भरलेली. नवऱ्याची, ऑरिनची, हत्यारं कधीच गॅरेजमध्ये हद्दपार झालेली. देशभरातल्या गोधडीवाल्या बायका कॉम्प्युटरवर एकमेकींना धरून असतात. हिच्याकडे उरलेलं तिला, तिच्याकडचं हिला, असं कापड सारखं फिरत असतं. आणि ते फिरतं आमच्या पोटातून, कारण एवढ्या स्वस्तात दुसरं काही मिळत नाही. त्या सगळ्यांचा एकच हट्ट. टपालाचे पैसे दिलेत ना, मग हवा कशाला पाठवायची?

त्यासाठी वर्ला काय काय करायची! कापड इस्त्री करून घट्ट गुंडाळायचं, वळकटी प्लास्टिकच्या पिशवीत घालायची, पिशवी खुर्चीवर ठेवायची आणि त्यावर बसून निवांत वाटाणे सोलायचे. वाटाणे संपेपर्यंत हवा गेलेली असायची. मी टेबलावरून हे पाहत होतो आणि मला घाम फुटत होता, कारण पुढचा नंबर माझा होता.

त्या दिवशी फोन आला तो ऑरेगनहून. वर्लाने फोन टेबलावर ठेवला होता, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. जनीन नावाची मुलगी बोलत होती. तिच्या आईचं नाव फे ऑस्ट्रँडर. फे अकरा वर्षं एक गोधडी शिवत होती. निळ्या कापडाची, त्यावर पिवळ्या चिमण्या. शेवटची एक पट्टी राहिली आणि कापड संपलं. ते कापड छापणं कारखान्याने कधीच बंद केलेलं.

"मिसेस स्टाउफर, तुमच्याकडे आहे असं कळलं. खरंच आहे का हो?"

"सव्वा वार आहे. आत्ता हातातच धरलंय."

पलीकडे फोन या हातातून त्या हातात गेला. मग एक म्हातारा आवाज आला. "मी फे. अहो, माझी नजर जातेय. डॉक्टर म्हणतात ऑगस्टअखेरपर्यंत कसंबसं दिसेल. ही म्हणते, दुसरं निळं लाव, कोणाला कळतंय? मला कळतंय ना! मला ती गोधडी पूर्ण झालेली बघायचीये. नुसती चाचपायची नाहीये."

वर्लाने डोळ्याला पदर लावला असता, पण ती एप्रन घालून होती, मग तिने एप्रनच लावला. "पैसे नकोत," ती म्हणाली. "उद्याच पाठवते."

आता एवढंच सव्वा वार कापड माझ्या पोटात घालून पाठवलं असतं, तर मी आज तुमच्याशी बोलत नसतो. पण ती गोधडीवाली! अर्धं रिकामं पाकीट पाठवणं तिच्या जिवावर आलं. बिचारीला अजून काही महिने तर दिसणार आहे, म्हणून तिने कपाटातून ठिपक्यांचं कापड काढलं, मग चौकटींचं, मग बारीक फुलांचं. निळं सगळ्यात आत घेतलं. पाकीट फाटलं, भिजलं, तरी मोलाचं कापड शाबूत राहावं म्हणून. त्यावर एकेक करत बाकीची, आणि सगळ्यात बाहेर लाल भोपळे छापलेलं एक भडक कापड, जे खराब झालं तरी कोणी रडणार नव्हतं. वरून नाडीची गाठ मारली. सहा वारांची वळकटी झाली.

सोबत जाड कागदाची एक चिठ्ठी होती. तिच्यावर दोघींचे पत्ते आणि फोन नंबर, खाली चार ओळी. ती आत सरकवताना वर्लाच्या लक्षात आलं की अजून एक तुकडा मावेल, पण मग चिठ्ठी मावणार नाही.

"चिठ्ठी ठेव," ऑरिन पेपरमधून डोकं वर काढून म्हणाला.

"चिठ्ठीची काय गोधडी होते? आम्ही फोनवर बोलतोच की."

"मी आपलं सांगितलं."

"तू आपलं शब्दकोडं सोडव."

चिठ्ठी फ्रिजच्या दारावर गेली आणि तुकडा माझ्या पोटात आला. वर्ला माझ्यावर बसली. माझ्या शिवणी कुरकुरल्या. तोंड कसंबसं मिटलं, पण तिचा विश्वास बसेना, म्हणून तिने त्यावर टेपचे आडवेउभे फेरे मारले आणि रीळ संपवलं. पत्ता घरच्या मशीनवर छापला होता. दोघींची नावं, पत्ते, भरलेलं टपालशुल्क, सगळं त्या एकाच कागदावर. तो तिने माझ्या फुगलेल्या पोटावर डिंकाने चिकटवला, वर उरलेल्या टेपचे दोन तुकडे लावले. एक कड तशीच उघडी राहिली.

"सुटेल ती," ऑरिन म्हणाला.

"तूच सुटशील एखाद दिवशी," वर्ला म्हणाली आणि गाडीची किल्ली शोधायला गेली.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते सांगताना मला त्रास होतो. एका मोठ्या शहरात आम्ही हजारो जण टपाल निवडणाऱ्या मशीनच्या पट्ट्यावरून धावत होतो. चपटी पाकिटं सुळसुळत गेली. मी गडगडत, लोळत चाललो होतो. वळणावर माझं पोट कडेला घासलं, ती उघडी कड कशात तरी अडकली आणि कागद टरकन निघाला. थांबा, थांबा, मी ओरडत होतो. तो कागद खाली पडला, मी पुढे गेलो. चूक कोणाची, हे मी रोज शोधतो. कोणाचीच सापडत नाही.

माझ्या अंगावर त्या कागदाचा एक कोपरा तेवढा उरला. त्यावर दोन आकडे, नऊ आणि सात. ऑरेगनचे पिनकोड त्यांनी सुरू होतात. म्हणजे एवढंच कळत होतं की मला एका अख्ख्या राज्यात कुठेतरी जायचं होतं.

बेवारस टपालाच्या ऑफिसात लॅट्रीस नावाच्या बाईने मला उघडलं. फार जपून उघडलं, एखादं पत्र सापडेल म्हणून. पोटात हात घालून चारी कोपरे चाचपले. शेजारच्या टेबलावरच्या डगला म्हणाली, "काय भरलंय बघ! आणि एक साधी चिठ्ठी नाही."

"गोधडीवाली असणार. माझी सासू अशीच आहे."

लॅट्रीसने वळकटी उलटीपालटी केली. गाठ इतकी नेटकी होती की तिला सोडवावीशी वाटली नाही. तिने लिहून घेतलं: मिश्र कापड, अंदाजे सहा वार, वर भोपळ्यांची नक्षी. मग वळकटी आणि मी, दोघांना फळीवर ठेवलं.

फळीवर पाच आठवडे गेले. वळकटीच्या टोकाकडून पाहिलं तर रंगांची वेटोळी दिसत, आणि अगदी मधोमध एक बारीक निळी रेघ. पण ते टोक भिंतीकडे होतं.

एका सकाळी लॅट्रीस कॉम्प्युटरवर वाचता वाचता थबकली. "डग, ऐक. कान्ससमधून कोणीतरी शोधायला सांगितलंय. 'निळं कापड, त्यावर पिवळ्या चिमण्या, सव्वा वार. पांढऱ्या फुगीर पाकिटात. ऑरेगनला जायचं होतं. हे कापड दुसरीकडे कुठेही मिळणार नाही. एका बाईची नजर जायच्या आत हवंय.'"

 वर्लाने लिहिलं होतं! पण काय लिहिलं होतं? फक्त निळं. ठिपके, चौकटी, फुलं, भोपळे, त्यांचं नावही नाही. तिच्या लेखी ती नुसती भर होती. तिच्या लेखी त्या पाकिटात एकच कापड होतं.

लॅट्रीस उठली. ती कामचुकार बाई नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. तिने एकेक फळी पाहिली. निळे पडदे काढून पाहिले, निळा शर्ट पाहिला. माझ्यापाशी आली. माझ्यावरचे दोन आकडे पाहून म्हणाली, "अरे, हेही ऑरेगनचंच." वळकटी उचलून हातात घेतली. मी म्हणत होतो, गाठ सोड, बाई, नुसती गाठ सोड. तिचा अंगठा नाडीवर होता. मग तिने आपलीच नोंद वाचली. "सहा वार. भोपळे. छे, हे नाही."

वळकटी पुन्हा फळीवर ठेवून तिने कान्ससच्या त्या मागणीला काय उत्तर लिहिलं, ते मी वाचलं नाही. तिचा चेहरा पाहिला आणि पुरे झालं.

मुदत संपल्यावर वळकटी इतर बेवारस कापडांबरोबर एका मोठ्या खोक्यात गेली. ते खोकं लिलावात कोणीतरी घेतलं आणि टेम्पोत चढवून नेलं. मला रद्दीच्या पिंजऱ्यात टाकलं. उद्या आमचा लगदा होईल. त्याचं मला दुःख नाही, कागदाला ते कधी ना कधी व्हायचंच असतं.

पण ते खोकं ज्याच्या घरी गेलं असेल, त्याला हात जोडून विनंती आहे. वरचे भोपळे बघून ती वळकटी माळ्यावर टाकू नका. नाडी सोडा. भोपळे बाजूला करा, फुलं, चौकटी, ठिपके बाजूला करा, थेट आतपर्यंत जा. तिथे सव्वा वार निळं कापड आहे. ते फे ऑस्ट्रँडर यांचं आहे. आज ऑगस्टची बावीस तारीख आहे, आणि त्यांना अजून थोडं थोडं दिसत असेल.