शेवटच्या वर्षाचं झुकतं माप

सुलेखा आणि हिमानी अमेरिकेच्या पूर्वेकडच्या एका खासगी विद्यापीठात एकत्र शिकल्या, आणि पुढे मिशिगनमधल्या ट्रॉय गावात दोघींनी एकमेकींच्या जवळ घरं घेतली. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना त्या विद्यापीठात प्रवेशासाठी झुकतं माप मिळायचं. ते बंद व्हावं म्हणून मोहीम सुरू केली ती हिमानीनेच.

"आपल्याला तिथे कोण ओळखत होतं गं? आपण मार्कांवर आलो. पोरांनाही तसंच जाऊ दे," ती म्हणायची.

सुलेखाने तिच्यासोबत झूमवर सभा घेतल्या, जुन्या वर्गमित्रांना फोन करकरून पटवलं. आपल्या मुलांनी अर्ज करताना आई तिथे शिकली हे सांगायचं नाही, असं दोघींचं ठरलं.

शेवटी विद्यापीठाने जाहीर केलं, पुढच्या वर्षापासून ही सवलत बंद. दोघींची मुलं मात्र याच वर्षी अर्ज करत होती. मार्चमध्ये निकाल लागले. सुलेखाच्या अदितीला नकार आला, हिमानीच्या यशोधनला प्रवेश मिळाला.

सुलेखा अननसाचा शिरा करून घेऊन गेली. दार यशोधनने उघडलं.

"थँक्स, मावशी! कॅम्पस एकदम मस्त आहे. ऑक्टोबरमध्ये आईबरोबर गेलो होतो ना, लेगसी फॅमिलीजच्या वीकेंडला. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांसाठी असतो तो."

हिमानी स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. मुलाला तिने वर पाठवलं.

"तू तर कॉन्फरन्सला चाललेय म्हणाली होतीस," सुलेखा म्हणाली.

"सुलू, ऐक ना. पुढच्या वर्षी बंदच होणार आहे. मग शेवटच्या वर्षी माझ्याच पोराने का सोडायचं?"

"अदितीने सोडलं."

"मी कुठे अडवलं होतं तुला?"

शिऱ्याचा डबा ओट्यावर ठेवून सुलेखा घरी आली. सगळं तिने अदितीला सांगितलं.

"पण आई, तू तरी मला कुठे विचारलंस?" अदिती म्हणाली. "यू जस्ट डिसायडेड."

ती उठून खोलीत गेली.

मे महिन्यात मोहिमेची समारोपाची सभा झाली. पडद्यावर हिमानी बोलत होती, "आम्ही दोघींनी आपल्या मुलांसाठीसुद्धा ही सवलत घेतली नाही." टाळ्या सुरू झाल्या. सुलेखाने माइक चालू केला.

"दोघींनी नाही, हिमानी. तुझ्या मुलाने घेतली. माझ्या मुलीने सोडली, आणि तेही मी तिला न विचारता सोडायला लावलं."

सुलेखा सभेतून बाहेर पडली.

त्यानंतर हिमानीचा फोन आला नाही, सुलेखानेही केला नाही. ऑगस्टमध्ये अदिती मिशिगनमधल्याच ॲन आर्बरच्या विद्यापीठात शिकायला गेली. रविवारी तिचा फोन येतो. बसबद्दल, रूममेटबद्दल, वाढत्या थंडीबद्दल ती सांगते. त्यापलीकडे सुलेखा अजून तरी काही विचारत नाही.