एका गावात दोन संघ

पद्मिनी गजभिये रायपूर विभागीय हॉकी संघाची सचिव झाली, त्या दिवशी धर्मपाल सर चहा न पिताच उठले.

जानेवारीतला रविवार होता. ब्राह्मणपाऱ्यातल्या समाजभवनात संघाची वार्षिक सभा भरली होती. अध्यक्ष भार्गव, ज्यांची रोलिंग मिल होती आणि ज्यांनी आयुष्यात कधी स्टिक हातात धरली नव्हती, ते उभे राहून म्हणाले, "अब नई पीढ़ी को मौका मिलना चाहिए. मैं पद्मिनी दीदी का नाम रखता हूँ." एकामागून एक हात वर गेले. वीसेक वर्षं सचिव असलेल्या धर्मपाल खोब्रागडे सरांना ही गोष्ट तिथेच, त्याच क्षणी कळली.  ते पद्मिनीजवळ आले, "सांभाळ बाई," एवढंच म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले.

पद्मिनीला त्यांच्या मागे जायचं होतं. पण लोक हार घेऊन उभे होते.

सर रेल्वेतून निवृत्त झालेले. गुढियारीच्या रेल्वे मैदानावर त्यांनी दोन पिढ्या घडवल्या होत्या. पद्मिनीला स्टिक धरायला त्यांनीच शिकवलं. तिची रेल्वेतली नोकरी हॉकीच्या कोट्यातली, म्हणजे एका अर्थी सरांनीच मिळवून दिलेली. गुडघा गेला, खेळ सुटला, तेव्हा त्यांनीच तिला संघाच्या कामात ओढलं. तेव्हापासून ती सहसचिव होती. सामन्यांची आखणी ती करायची, पंच ती बोलवायची, मुलींच्या आईबापांना ती समजवायची, आणि सही सरांची असायची. तिला त्याचं वाईट वाटायचं नाही. निदान ती तसं म्हणायची.

सचिव झाल्यापासून मात्र तिला एका जागी बसणं जमेनासं झालं. फोन कानाला लावूनच ती पोळ्या लाटायची. ऑफिसात टेबलाखाली पाय हलत राहायचा. शहरातल्या टर्फच्या, म्हणजे कृत्रिम गवताच्या, मैदानाच्या परवानगीसाठी ती दुपारच्या उन्हात स्कूटीवरून नवा रायपूरची सरकारी कार्यालयं गाठायची. त्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवर तर तिची तगमग आणखी वाढायची. तिथं कुणीच घाईत दिसायचं नाही. एका कार्यालयातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून परत पहिल्यात. साहेब मिटिंगमध्ये, साहेब दौऱ्यावर. शेवटी परवानगी मिळायची, तर त्या दिवशी टर्फवर पाणी मारायचा पंप बंद पडलेला. कोरड्या टर्फवर पोरींचे गुडघे सोलून निघतात, म्हणून मग टँकरवाल्याला फोन.

"तू जरा बस ना," नवरा यशदीप म्हणायचा. "जेवतानाही उभीच राहून राहिली."

"बसली तर काहीतरी राहून जाते," ती म्हणायची. काय राहून जातं, ते तिला सांगता यायचं नाही.

होळीच्या सुमारास बातमी आली की धर्मपाल सरांनी नवा संघ काढला. रायपूर नगर हॉकी संघ. मान्यता नव्हती, कार्यालय नव्हतं, पण सर होते, आणि गुढियारीत तेवढं पुरेसं होतं. निम्म्या मुली त्यांच्याकडे गेल्या.

रेल्वेचं मैदान एकच. त्यामुळे रोज सकाळी एका गोलपोस्टजवळ पद्मिनीच्या मुली आणि दुसऱ्या गोलपोस्टजवळ सरांच्या मुली, एकमेकींकडे पाठ करून. कालपर्यंत एका डब्यातलं खाणाऱ्या पोरी त्या. चेंडू मधली रेषा ओलांडून पलीकडे गेला, तर तिकडची मुलगी तो न बोलता परत ढकलायची. पद्मिनी आणि सर मैदानाच्या दोन टोकांना उभे राहायचे. "जय भीम, सर," ती लांबूनच म्हणायची. तेही हात उचलायचे. त्यापलीकडे शब्द नाही.

सगळ्यांत जास्त तिला लागलं ते गंधालीचं जाणं. पंधरा वर्षांची गंधाली बोरकर सेंटर हाफला, म्हणजे मैदानाच्या मध्यावर, खेळायची. चेंडू स्टिकपाशी येण्याआधीच तो कुठं द्यायचा हे तिला ठाऊक असायचं. असलं काही शिकवता येत नाही, हे पद्मिनीला खेळाडू म्हणून माहीत होतं. गंधालीचा बाप लोकेश मालधक्क्यावर कामाला. पद्मिनी त्याला भेटायला गेली.

"मॅडम, माझं तुमच्याशी काई वाकडं नाई," लोकेश म्हणाला. "पण तिले पहिली स्टिक सरनं देल्ली. मी कोन्या तोंडानं नाई म्हणू?"

"तिचं नुकसान होईल, लोकेशभाऊ. त्यांच्या संघाले मान्यता नाही. राज्याच्या निवडीत तिचं नाव कोण पाठवणार?"

दाराआडून गंधाली म्हणाली, "दीदी, आप लोग आपस में बात क्यों नहीं कर लेते?"

 पद्मिनी तिथून निघाली ती सरळ पंचांच्या बैठकीला, आणि तिथून टर्फवर. कामं एवढी होती की उत्तर न देणंही त्यात खपून गेलं.

उन्हाळी शिबिर झालं. पावसाळ्यात जिल्हा स्पर्धा झाली. स्पर्धा उत्तम पार पडली असं सगळे म्हणाले. पद्मिनीच्या मात्र बक्षीस समारंभात लक्षात आलं, की आपण यातला एकही सामना सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला नाही. कोण कसं खेळलं, हे तिला दुसऱ्याला विचारावं लागलं. घरी येऊन ती न्हाणीघरात बराच वेळ पाणी सोडून उभी राहिली.

दसरा झाला आणि राजनांदगावला मुलींची राज्य स्पर्धा आली. पद्मिनी आपली टीम घेऊन पोचली. शाळेच्या ज्या इमारतीत मुक्काम होता, तिच्या व्हरांड्यात आधीच काही मुली बॅगा टेकून बसल्या होत्या. त्यात गंधाली होती. मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर धर्मपाल सर.

"आम्हीही रायपूरच," सर म्हणाले. "आम्हीही खेळणार."

दुपारी राज्य संघाच्या निरीक्षक अपर्णा मॅडमनी दोघांना बोलावलं. त्या स्वतः मोठ्या खेळाडू राहिलेल्या, बोलायला सरळ. "रायपुर से एक ही टीम खेलेगी. मान्यता पद्मिनीजी के संघ की है, तो टीम भी उन्हीं की. सर, मुझे माफ कीजिए."

सर उठून गेले. पद्मिनी जिंकली होती. ती व्हरांड्यात आली. सरांच्या मुलींना बातमी कळली होती. कुणी रडत नव्हतं. त्या मुकाट्याने आपापल्या बॅगांच्या चेनी लावत होत्या. गंधाली तेवढी खांबाला टेकून समोरच्या मैदानाकडे बघत होती. तिथं दुसऱ्या कुठल्या तरी जिल्ह्याच्या पोरी सराव करत होत्या. गंधालीच्या हातातली स्टिक जमिनीवर आपोआप हलत होती, जणू चेंडू तिच्याकडेच येणार आहे.

पद्मिनीने ते पाहिलं आणि मागे वळली. सर शाळेमागच्या नळावर तोंड धूत होते.

"सर, आपल्याले बोलाव लागन."

"आता काय बोलाचं? तू जिंकली."

"तुमच्या पोट्ट्या मले द्या. अठरा जणींची एकच टीम करू. निवड तुम्ही करा, कागदावर सही मी करतो."

सरांनी रुमालाने तोंड पुसलं. "नऊ महिने तुले आठवण नाई आली माझी? आता कप पाहिजे तं आली."

"रोज येऊन राहिली होती आठवण. तुम्ही मैदानाच्या त्या टोकाले उभे राहून माझ्याकडं पाहत नव्हते."

"काहून पाहू?" सरांचा आवाज चढला. "कोण होता तो भार्गव? त्याच्या तोंडून मले कळावं? तू मले सांगू शकत होती ना, की सर, मले सचिव व्हायचं आहे!"

"सांगतलं असतं तं सोडलं असतं तुम्ही?"

सरांनी रुमाल खिशात कोंबला.

"मले पाहिजे होतं ते पद," पद्मिनी म्हणाली.  "हव, पाहिजे होतं. सारं काम मी करत होती न् नाव तुमचं होतं. मी काई चोरी नाई केली, सर. माफी मागाले नाई आली मी. पण ती पोट्टी तिथं खांबाले टेकून उभी आहे, न् तिचा यात काईच संबंध नाई."

नळ थेंब थेंब गळत होता. सरांनी तो पिळून बंद केला. तरी गळतच राहिला.

"गोलकीपर तुझी चांगली आहे," ते शेवटी म्हणाले. "माझ्यावालीपेक्षा बरी. राइट हाफ तुझी एकदम कच्ची. ती बसन."

"बसवा."

"रडन ते."

"रडू द्या. मी पाहतो."

अपर्णा मॅडमना काही अडचण नव्हती. मान्यताप्राप्त संघाच्या सचिवाची सही असली की झालं. अडचण फोनवर आली. भार्गवना कुणीतरी कळवलं होतं.

"दीदी, ये क्या सुन रहा हूँ? उस बुड्ढे की लड़कियाँ हमारी जर्सी पहनेंगी?"

"सब रायपुर की ही लड़कियाँ हैं, भार्गवजी."

"मैंने आपको सचिव बनाया. याद रखिए."

"याद है," पद्मिनी म्हणाली आणि सही केली.

राइट हाफ खरोखरच रडली. आणखीही काही जणी रडल्या, दोन्हीकडच्या. पद्मिनी एकेकीजवळ बसली.  यशदीप तिथं असता तर त्याला नवल वाटलं असतं. एका मुलीने तिचा हात झटकला. "आपने बोला था मैं खेलूँगी." ते खरं होतं. पद्मिनीने ते ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून मुली खेळल्या. पहिल्या सामन्यात एकमेकींना पासच देईनात. मध्यंतराला सर मैदानात शिरून असे ओरडले की पंचाने त्यांना बाहेर काढलं. तरी जिंकल्या. पुढचा सामना जरा सुधारून जिंकल्या. उपांत्य फेरीत समोर यजमान राजनांदगाव होतं. तिथली मुलं चालायला लागतात तीच स्टिक घेऊन. बरोबरी झाली, शूटआउट झाला. गंधालीने आपला गोल केला. शेवटच्या मुलीचा चेंडू मात्र गोलकीपरच्या पायाला लागून बाहेर गेला, आणि रायपूर हरलं.

पद्मिनीने तो सामना शिटीपासून शिटीपर्यंत पाहिला होता. तिचा फोन बॅगेत वाजत राहिला होता.

गंधालीचं नाव राज्याच्या शिबिरासाठी निघालं. पद्मिनीच्या गोलकीपरचंही. लोकेशने फोन केला. त्याने नुसतंच "मॅडम, मॅडम" म्हटलं आणि ठेवून दिला.

डिसेंबरात भार्गवनी तातडीची सभा बोलावली. विषय एकच: सचिवांना पदावरून दूर करणे. पद्मिनी गेली तेव्हा समाजभवनात तिला अनपेक्षित गर्दी दिसली. गुढियारीचे आईबाप आले होते. मालधक्क्यावरचे, वर्कशॉपमधले, घरकाम करणाऱ्या बायका. त्यांना मताचा अधिकार नव्हता. ते भिंतीला लागून उभे राहिले, एवढंच. ज्या मुली संघाबाहेर राहिल्या त्यांच्यातल्याही दोघींचे बाप होते. ते भार्गवच्या बाजूने आले होते की तिच्या, हे पद्मिनीला कळलं नाही.

धर्मपाल सर आले नाहीत. तिने दाराकडे कितीदा तरी पाहिलं.

भार्गव बोलले. शिस्त, संघाची प्रतिष्ठा, परवानगीशिवाय घेतलेला निर्णय. मग मतासाठी हात वर करा म्हणाले. सदस्यांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीजवळच्यांनी सदस्यांकडे पाहिलं. एक हात अर्धा वर गेला आणि डोकं खाजवून खाली आला. शेवटी खजिनदार म्हणाले की हा विषय पुढच्या वार्षिक सभेत घेतलेला बरा. भार्गवनी फाइल मिटली. "ठीक है. एक महीना ही तो है."

म्हणजे पद वाचलं नव्हतं, नुसतं पुढं ढकललं गेलं होतं. पद्मिनी बाहेर आली तेव्हा लोकांनी तिला घेरलं. ती हसली, हात जोडले, आणि स्कूटी तडक गुढियारीला वळवली.

सर अंगणात उन्हाला बसून फाटक्या नेटला गाठी मारत होते.

"काहून नाही आले?" तिने उभ्यानेच विचारलं.

"मी आलो असतो तं भार्गव म्हणला असता, पहा, दोघं मिळून आहेत. तुझे दोन मतं गेले असते." ते नेटमधून मान वर न काढता बोलत होते. "न् खरं सांगू? मले यायचंही नव्हतं. त्या सभेत तुले पाहाची माझी अजून तयारी नाही."

पद्मिनीला राग आला, आणि बरंही वाटलं. या माणसाने निदान खोटं सांगितलं नाही.

"तुमचा संघ बंद करता?"

"नाही."

"मी पुढच्या सभेनंतर राहीन की नाही माहीत नाही."

"तरी नाही. मले माझ्या नावाचं काहीतरी असू दे, बाई."

"बरं. पण पोरींची निवड एकत्र होईल. सचिव मी असो की कोणी. आज ठरवून टाकू. तुम्ही न् मी, मैदानाच्या मधात उभं राहून."

सरांनी गाठ दातांनी ओढून घट्ट केली. "गंधालीले तू सेंटर हाफलाच खेळवशील."

"हव."

"चूक करून राहिली. तिले पुढं आण. तिच्यात गोल आहे."

"सर, ती मागून सारा खेळ चालवते! पुढं नेली तं मधात कोण राहीन?"

"ते शोधाचं काम तुझं. सचिव आहे ना तू?"

"निवड तुमच्याकडं आहे म्हणलं ना मी!"

"मंग ऐक ना माझं!"

सरांच्या बायकोने आतून विचारलं की भांडण होऊन राहिलं का, चहा टाकू का. दोघांनीही एकाच वेळी "टाका" म्हटलं. पद्मिनीने नेटचं दुसरं टोक हातात घेतलं, पायरीवर बसली, आणि सेंटर हाफ म्हणजे काय ते सरांना पहिल्यापासून समजावून सांगायला लागली.