पणजोबांची कोर्टातली हजेरी

दादाची शोकसभा शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवली, हे त्याच्या धाकट्या बहिणीला मनापासून पटलं. दादा आयुष्यभर तिथंच रमला होता. आम्लाने भोकं पडलेल्या त्या लाकडी टेबलांवर दिवसभर विज्ञान शिकवायचा, आणि शाळा सुटली की त्यांच्यावरच घराण्याची वंशावळ पसरून बसायचा. कोण कुणाचा कोण, हे नुसतं सांगून भागत नसे. "पुरावा?" हा त्याचा ठरलेला प्रश्न. पोरांनी त्याचं नावच पुरावेसर पाडलं होतं. सख्ख्या मावशीने स्वतःची जन्मतारीख सांगितली, तरी हा जाऊन दाखला बघून आला. मावशी सहा वर्षांनी मोठी निघाली. पुढे वर्षभर ती त्याच्याशी बोलली नाही.

सभेत पहिले उठले आप्पा, सगळ्यात थोरले चुलतभाऊ. त्यांनी घसा खाकरला, तसा धाकटीने ओठ दाताखाली धरला.

"आमचं घराणं न्यायाधीशांचं," आप्पा म्हणाले. "पणजोबा वीस वर्षं कोर्टात होते. दादानेच शोधून काढलं ते!"

खरं काय ते दोघा भावंडांनाच ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी जुन्या दप्तरांच्या कचेरीत शिंकता शिंकता त्यांना पणजोबा सापडले. कोर्टातच सापडले, पण आरोपीच्या पिंजऱ्यात. गुन्हा शेळ्या चोरण्याचा. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. दादा इतका हसला की कारकुनाने दोघांनाही बाहेर काढलं. घरी येऊन त्याने वंशावळीत सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'कोर्टात वीस वर्षं नियमित हजेरी. पोलीस खात्यात सर्वपरिचित.' आप्पांनी ते चौकटीत घालून दिवाणखान्यात लावलं.

"दादा, ही शुद्ध लबाडी आहे," धाकटी म्हणाली होती.

"एक अक्षर खोटं दाखव. निष्कर्ष आप्पांनी काढलाय. नववीच्या पोरांचे मी ह्याचेच मार्क कापतो." मग डोळे मिचकावून म्हणाला, "मी गेल्यावर तूच सांग. तेव्हा त्यांना माझ्यावर चिडायला मी सापडणार नाही."

आता मुख्याध्यापिकाबाईंनी तिला दोन शब्द बोलायला बोलावलं. तिने पर्समधून पणजोबांच्या खटल्याच्या निकालाची नक्कल काढली.

"आप्पा, रागावू नका," म्हणाली, आणि सगळं वाचून दाखवलं.

मागच्या बाकावरचे जुने विद्यार्थी फिसकन हसले, आणि प्रयोगशाळाभर खसखस पिकली. आप्पांचा चेहरा लालबुंद झाला. आता हे उठून जाणार, असं धाकटीला वाटलं.

"किती शेळ्या?" आप्पांनी विचारलं.

"पहिल्या खटल्यात सतरा."

"सतरा?" ते पुढे सरकले. "आणि बरोबर कोण?"

"कुणी नाही. एकटेच होते."

"एकट्याने सतरा शेळ्या हाकायच्या, म्हणजे काय खायचं काम आहे?" आप्पा शेजाऱ्याकडे वळले. त्यांची छाती पुन्हा फुगली होती. चहा येईपर्यंत शेळ्या पंचवीस झाल्या, आणि आप्पा फाटकापाशी निरोप घेईपर्यंत पणजोबा त्या गोरगरिबांना वाटू लागले.

धाकटी रस्त्याला लागली ती एकटीच हसत. हे घरी जाऊन कधी एकदा सांगते असं तिला झालं होतं. कोपऱ्यापर्यंत पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की, सांगायचं होतं ते दादालाच. ती तिथंच थांबली, डोळे पुसले, आणि पुन्हा तिला हसू फुटलं.