चार सेकंदांची पाठ

मंगलच्या लग्नाच्या फिल्ममध्ये तिचे वडील सात ठिकाणी दिसत. सहा ठिकाणी फेटा बांधून, समोरून. सातव्या ठिकाणी, नेमकी पाठवणीला, नुसती पाठ. माय गळ्यात पडून रडतेय, मावश्या रडतायत, आणि वडील, म्हणजे दादा, टेम्पोमागं उभं राहून रुखवताच्या कपाटाला दोर बांधतायत. चार सेकंद. मग टेम्पो निघतो.

तेरा वर्षं मंगल ते चार सेकंद बघत आली होती. सासरी कुणीतरी हमखास म्हणायचं, "तुझ्या बापाला पोरीपेक्षा कपाटाचा घोर!" तीही हसण्यावारी न्यायची. दादांना मात्र तिनं कधी विचारलं नाही, आणि आता विचारायची सोय उरली नव्हती. रविवारी त्यांचं वर्षश्राद्ध होतं. दादांचं हलतं चित्र दुसरं कुठंच नव्हतं, म्हणून भाऊ युवराजनं हीच फिल्म साऱ्या भावकीसमोर टीव्हीवर लावायचं ठरवलं होतं. ती पाठ पुन्हा सगळ्यांनी बघावी, हे मंगलला सोसणार नव्हतं.

म्हणून ती माय कौशल्याबाईंना घेऊन पाटोद्याला आली. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या बिभीषणकाकांचा स्टुडिओ आता त्यांची मुलगी अंजू बघते. काका शूटिंगचा एक तुकडाही पुसत नसत, त्यामुळं जुन्या कॉम्प्युटरवर सगळं जसंच्या तसं होतं. पडद्याच्या तळाशी लांबलचक पट्टी उघडली. ओळीनं टाकलेल्या उसाच्या मोळ्यांसारखे एकाला एक लागून चित्रांचे तुकडे, आणि त्यांच्याखाली सनईची हिरवी रेघ.

"एवढी पाठ काढून टाक," मंगल म्हणाली.

"काढते. पण ताई, मधला तुकडा काढला की मागचे समदे पुढं सरकत्यात. सनई एकीकडं अन् रडणं एकीकडं व्हतंय. न सरकवता काढला, तर मधी चार सेकंद काळं."

"काळं नको गं माय," कौशल्याबाई म्हणाल्या. "सराद हाय, त्यात आनि काळं कशाला?"

अंजूनं हसून एक जुनं पाकीट घेतलं आणि कात्रीनं त्याला छोटी चौकट पाडली. आत फोटोंची एक लांब पट्टी सरकवली. "ही चौकट चार सेकंदाची. पप्पांनी शूटिंग केलंय पन्नास सेकंद, फिल्ममधी लावलं चार. बाकीचं आत दडलेलंच हाय. चौकट जागची हलवायची न्हाई, आतली पट्टी मागंपुढं करायची. ह्याला स्लिप म्हणत्यात. पुढच्यामागच्याला धक्का न्हाई."

मंगलला ते लगेच कळलं. लहानपणी साखर कारखान्यावरच्या कोपीत, ऊसतोड्यांच्या झोपडीत, पाचटाच्या भिंतीला तिच्या उंचीवर एक भोक होतं. आई-बाप ऊस तोडायला फडात गेले की ती त्याला डोळा लावून बसे. भोक तिथंच, बाहेरून गाड्या सरकत. आधी बैलांचे पाय, मग चाक, मग कुणाचं तरी धोतर. दादांचा ट्रक भरला की ती धावत बाहेर यायची. दादा ट्रकला पाय लावून दोराला एकच हिसका देत, आणि गाठ बसे. ड्रायव्हर तपासायलाही उतरत नसे. त्रिंबकची गाठ म्हणजे थेट कारखान्याच्या वजनकाट्यावरच सुटायची, असं टोळीत म्हणत.

अंजू आता पडद्यावर आतली पट्टी हळूहळू सरकवू लागली. दादांनी हिसका दिला. गाठ बसली. आता वळतील, म्हणून मंगल खुर्चीच्या कडेला आली. दादा वळले नाहीत. त्यांनी ती गाठ सोडली. पुन्हा बांधली. ड्रायव्हर येऊन म्हणाला, "झालं का मामा?" दादांनी त्याच्याकडं न बघता हात हलवला आणि बसलेली गाठ पुन्हा सोडली.

"समोर कुठंच बघत न्हाईत," अंजू ओशाळून म्हणाली. "मावश्यांचं टाकू का त्या जागी?"

"थांब. पहिल्यापासून लाव."

मंगलनं मोजलं. तीनदा बांधली, दोनदा सोडली.

"घरी आल्यावर मला म्हणले, दोरच बेकार हुता," कौशल्याबाई म्हणाल्या. पदरानं नाक पुसत त्या पडद्याकडं बघत राहिल्या. "आख्खा ट्रक एका हिसक्यात बांधणारा मानूस. आनि ह्या एवढ्याशा कपाटाला..."

मंगलनं पडद्यावर बोट ठेवलं. "हितलं ठेव. दुसऱ्यांदा सोडतात ते."

"तिथंबी पाठच हाय, ताई."

"असू दे. सोडतानाचं ठेव."

"आनि माझं नाक लई मोठं दिसतंय रडताना," कौशल्याबाई म्हणाल्या. "तेबी सरकतंय का बघ."

अंजूनं पाठवणी सुरुवातीपासून लावली. सनई तसूभरही हलली नव्हती. माय रडली, मावश्या रडल्या, आणि मग चार सेकंद, दादांची बोटं एक चांगली बसलेली गाठ सावकाश सोडत राहिली.

टेम्पो मात्र नेमक्या वेळेला निघाला.